शून्य मृत्यूंचा चौक

मंगळवारी सकाळी रुग्णालयातून मेहुणीचा फोन आला, तेव्हा मी दुकानात किल्ली घासत होतो. "भावोजी, ताई गेली," एवढंच ती बोलली. दोन दिवसांपूर्वी शाळेजवळच्या चौकात रस्ता ओलांडताना माझ्या बायकोला ट्रकनं उडवलं होतं. मी मशीन बंद केलं आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, "उद्या या."

महिन्याभरानं त्या चौकात सिग्नल मागायला नगरपालिकेत गेलो. कारकुनानं वही काढली.

"काका, तिथं मृत्यू शून्य. तीन झाल्याशिवाय सिग्नल मंजूर होत नाही."

"आणि माझी बायको?"

त्यानं पानं चाळली. "त्या रुग्णालयात वारल्या. नोंद रुग्णालयाच्या रस्त्यावर आहे. जीव जिथं जातो, तिथली नोंद."

"तिथं काय खाटेनं उडवलं तिला?"

त्यानं वही मिटली.

मेहुणीला सांगितलं तर ती चपला घालूनच उभी राहिली. "चला. आपलंच एक घर नसणार."

चौकाभोवतीची दारं वाजवत आम्ही आठवडाभर हिंडलो. दूधवाल्याचे वडील, शाळेतल्या बाईंचा मुलगा, एक शिंपीणबाई. तिघांनाही त्याच चौकात गाडीनं उडवलं होतं, तिघंही रुग्णालयात वारली. ज्याला त्याला वाटत होतं, आपल्याच घरावर घाला आला. मृत्यूची नोंद चौकाच्या नावावर करा, अशा अर्जावर चारही घरांनी सह्या केल्या. दोनशे शेजाऱ्यांनीही केल्या.

अर्ज नगरपालिकेच्या सभेत आला. अध्यक्षाबाईंनी विचारलं, "रुग्णालयाच्या रस्त्यावर सिग्नल किती?"

"दोन, बाई," कारकून म्हणाला. "तिथं मृत्यू फार."

मागून कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

हात वर झाले. ठराव झाला : यापुढे अपघात जिथं झाला, तिथंच मृत्यूची नोंद होईल. मेहुणीनं माझा दंड घट्ट धरला.

मी उठलो. "मागच्या चौघांचं काय?"

"ठराव पुढच्या नोंदींना लागू," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

"म्हणजे अजून तिघं मरायची वाट बघायची का?" मेहुणी ओरडली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "जुन्या नोंदी बदलायला वेगळा ठराव लागेल. अर्ज द्या. मी मांडते."

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. त्याला पाच महिने झाले. तो अजून सभेपुढे आलेला नाही. चौकात सिग्नल नाही.