पार्सलची गाठ आणि दहा बोटे

मी धावण्याचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझा जुळा भाऊ, पण तो अबोल. त्यामुळे मित्रांनो, दोघांच्या वतीने बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडते.

एका कारखान्यात शिवणयंत्राखाली माझा जन्म झाला. निळे अंग, पांढरा तळ, मऊ जीभ. दुकानाच्या काचेत बसून मी मोठ्या रुबाबात रस्ता न्याहाळत असे. एका सकाळी पन्नाशीच्या एक काकू आल्या आणि आम्हाला घेऊन गेल्या. त्या पार्सलच्या कचेरीत खोकी बांधायचे काम करत. आजवर त्या बसमागेसुद्धा धावल्या नव्हत्या! पण लेकीने दोघींची नावे पाच किलोमीटरच्या शर्यतीत घातली होती आणि काकूंनी ते मनावर घेतले होते.

रोज सकाळी आम्ही गल्लीतून निघून तळ्याला वळसा घालत असू. काकू धापा टाकत, हसत, मध्ये येणाऱ्या कुत्र्यांना दटावत धावायच्या. काय मजा यायची! पण दहा मिनिटे झाली की बिनसायचे. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग तळव्यात सुया टोचायच्या. शेवटी अंगठा इतका बधीर व्हायचा, की तो जागेवर आहे की नाही हेच काकूंना कळत नसे. घरी येऊन पाय मोकळे केले की थोड्या वेळात सारे ठीक.

काकूंच्या आईला साखरेचा आजार होता आणि उतारवयात तिच्या पायांची जाणीव गेली होती. त्यामुळे काकू मनातून घाबरल्या. लेकीला त्यांनी काही सांगितले नाही, कारण तिने धावणे तत्काळ बंद केले असते. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याला मात्र सांगितले.

"वय झालं आता. कशाला हा उद्योग?" काका म्हणाले.

"वय काय माझ्या एकटीचंच झालं? तुम्ही तेवढे तरुण!"

मला खरे कारण ठाऊक होते. जीभ असून बोलता येत नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

शर्यतीला आठ दिवस उरले, तेव्हा काकू डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. रक्ततपासणीत साखर ठीक निघाली. पायाला हलकेच टोचून पाहिले, तेही सगळीकडे कळत होते. मग बाई म्हणाल्या, "बूट कसे घालता ते दाखवा बरं."

काकूंनी एकावर एक दोन मोजे चढवले, पाय माझ्यात कोंबला, लेस मुठीला गुंडाळली आणि दातओठ खाऊन ओढली. वर दोन गाठी. माझा जीव कासावीस झाला. डॉक्टरीणबाई गाठ सोडायला गेल्या. त्यांचे नख तुटले, पण गाठ सुटेना.

"नाही सुटायची," काकू अभिमानाने म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत माझं एकही पार्सल वाटेत सुटलेलं नाही."

"अहो काकू, हे पार्सल नाही, पाय आहे! धावताना तो थोडा फुगतो. त्याला जागा नको? वरून नसा दाबल्या जातात, म्हणून या मुंग्या. एकच मोजा घाला, लेस सैल बांधा. तरीही त्रास राहिला, किंवा बसल्या जागी मुंग्या आल्या, तर लगेच परत या."

काकू इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

पण हाताची सवय अशी लगेच जाते होय? शर्यतीच्या दिवशी गडबडीत त्यांनी पुन्हा पार्सलच बांधले. तिसऱ्या किलोमीटरला बोटे बधीर झाली. माणसे भराभर पुढे जात होती. काकू क्षणभर घुटमळल्या आणि सरळ फूटपाथवर बसल्या.

"आई, काय झालं गं?" लेक धावत मागे आली.

"काही नाही. गाठ जरा जास्तच पक्की झाली. तू ओढ तिकडून!"

दोघींनी मिळून माझी आणि भावाचीही गाठ सोडली, लेस सैल बांधली. मी मोकळा श्वास घेतला. मग आम्ही असे निघालो की विचारू नका! शेवटून तिसरे आलो. "दहाही बोटं कळतायत गं मला!" काकू ओरडल्या आणि लेकीला मिठी मारून तिथेच नाचल्या.

आता माझा तळ झिजला आहे. काकूंनी नवी जोडी आणली, तीही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना जाऊन, पुढे बोटभर जागा ठेवून. मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, बुटाचा चिखल पुसा, त्याला वारा लागू द्या. पण पाय कुरकुरला, तर आधी त्याचे ऐका. मागे पडू या लाजेने धावत राहू नका. त्या दिवशी काकू फूटपाथवर बसल्या, म्हणूनच शेवटची रेघ त्यांना स्वतःच्या पायांखाली जाणवली.