दत्तोपंतांचा जलघात

ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं एखाद्याच्या पत्रिकेत जलघात असावा ही तशी चैनच म्हणायची. पण गारखेड्यातल्या दत्तोपंतांकडे ती चैन होती. लग्न जुळवताना गुरुजींनी सांगितलं होतं म्हणे, की मुलाला पाण्यापासून धोका आहे, नदीत-तळ्यात उतरायचं नाही. आणि नवऱ्याला जलघात असताना बायकोनंही उतरायचं नाही, कारण ते नवऱ्यावर येतं. सासूबाईंनी हे नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं आणि शैलाताईंनी ते चाळीस वर्षं पाळलं.

पाळलं खरं, पण मनातून पाणी काही गेलं नाही. शैलाताई पैठणच्या. पाठीला वाळका भोपळा बांधून गोदावरीत पोहायला शिकल्या, आणि भोपळा सुटल्यावर तर आईनं काठावरून हाका मारून घसा बसवला तरी बाहेर यायच्या नाहीत. अशी मुलगी लग्न होऊन आली ती थेट बादलीत. काशीला गेले तेव्हा नवरा-बायकोनं घाटाच्या वरच्या पायरीवर बसून तांब्यानं गंगा अंगावर घेतली. कोकणात गेले तेव्हा बाकी सगळी मंडळी समुद्रात आणि ही दोघं वाळूवर चपला राखत बसलेली. शंतनू लहान होता तेव्हा त्याला पोहण्याच्या क्लासला घालायची गोष्ट निघाली, तर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

शैलाताईंना प्रश्न पडायची खोड होती. भाजीवाल्याला मेथी कुठली ते विचारायचं, रिक्षावाल्याला मीटर उघडून दाखवायला लावायचं. पण घरातला एक प्रश्न मात्र त्यांना सुटत नव्हता. दत्तोपंत पाण्याला भीत नव्हते. हौद साफ करायला दरवर्षी स्वतः उतरायचे, आत कमरेएवढं पाणी असलं तरी. पावसाळ्यात रस्ता तुंबला की पँट दुमडून स्कूटर ढकलत मजेत घरी यायचे. शैलाताई हौदावर नुसत्या वाकल्या, की मात्र यांचा जीव खालीवर. आधी मागं हो, म्हणून ओरडायचे. जलघात ह्यांचा, मग मागं मी का व्हायचं? एकदोनदा त्यांनी तसं विचारलंही. तर दत्तोपंतांनी पेपर उघडला आणि जिल्हा परिषदेच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. आयुष्यभर तिथंच नोकरी केलेल्या माणसाला त्या बातम्यांत काय नवं सापडत होतं कोण जाणे.

या दिवाळीत शंतनू पुण्याहून आला, बायको हिमानी आणि लेक स्वराली यांना घेऊन. घरात बसून फराळ किती खाणार, म्हणून सगळे अजिंठ्याला गेले. लेणी बघून झाली, फर्दापूरला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्यानं डोंगरामागच्या तलावाचं सांगितलं. तिथं म्हणे जेट स्की भाड्यानं मिळते, पाण्यावरची मोटरसायकलच. स्वरालीनं हातातली पुरी तशीच टाकली. दत्तोपंत म्हणाले, तुम्ही जा, मी काठावर बसेन. म्हणजे शैलाताईंनाही चपला राखायला बसणं आलंच.

पाऊस यंदा बरा झाला होता, तलाव काठोकाठ भरलेला. एका कडेला मक्याचं शेत आणि तिथंच खोपटाजवळ दोन जेट स्की अन् एक मोटरबोट बांधून ठेवलेली. मालक सांडू. शेतकरी माणूस, पन्नाशीचा. शेत तलावाला लागून, म्हणून मक्याच्या जोडीला हा धंदा टाकला होता. त्यानं सगळ्यांना केशरी जाकिटं दाखवली आणि बोलायला सुरुवात केली, पण त्याचं बोलणं पुरं होईना, कारण शैलाताई मशीनभोवती फेरी मारत होत्या. ह्याला पंखा कुठाय? पेट्रोल कुठून घालतात? उलटं झालं तर? ब्रेक कुठला?

सांडूला असं गिऱ्हाईक रोज थोडंच मिळतं. त्याला चेव आला. म्हणाला, पंखा आत असतो, मशीन पाणी पोटात घेतं आन् मागून फेकतं. "ब्रेक नाय मावशी. रेस सोडली की थांबतंय. पन एक ध्यानात ठिवा, वळायचं असंल तर रेस द्याच लागती. मानूस घाबरलं की रेस सोडतं, मंग हँडल कितीबी फिरवा, वळत नाय. सरळ जातंय."

हे शैलाताईंना फार आवडलं. घाबरलं की वळत नाही, असं त्या स्वतःशीच एकदा म्हणाल्या.

मग सांडूनं त्याचा नियम सांगितला. ज्याला पोहता येत नाही त्याच्या मागं तो स्वतः बसणार. ज्याला येतं त्याला एक फेरी शिकवून एकट्याला सोडणार, आणि बोट घेऊन लांबून नजर ठेवणार. तर पोहता कुणाकुणाला येतं?

शंतनूनं मान हलवली. हिमानीही नाही म्हणाली. स्वरालीला क्लास लावायचा होता, अजून लागायचा होता.

"मला येतं," शैलाताई म्हणाल्या.

सगळं घर त्यांच्याकडे बघायला लागलं. शंतनूची चाळिशी जवळ आलेली, पण आईला पोहता येतं हे त्याला त्या तलावाच्या काठी कळलं. स्वराली आजीच्या कमरेला मिठी मारून नाचायला लागली. आणि शैलाताईंना स्वतःलाच कळेना की हे आपण बोलून कसं गेलो. पण बोलून गेल्यावर मात्र त्यांना इतकं जावंसं वाटलं, इतकं, की पायांतल्या चपला त्यांनी तिथंच काढल्या. एकसष्ट वय झालं. आता नाही तर कधी?

खुर्ची टाकून बसलेले दत्तोपंत उठून आले आणि नाही म्हणाले. नुसतंच नाही. शैलाताईंनी त्यांना समजावलं की अहो, जलघात तुमचा आहे, तुम्ही कोरडे राहा, मी जाऊन येते. आणि मी उतरले तर तुमच्यावर येतं असं सासूबाई म्हणायच्या, त्या गेल्यावर आता ते कोण बघतंय? दत्तोपंतांचा चेहरा उतरला. मुलासुनेसमोर ते कधी बायकोचा हात धरत नसत, पण आज त्यांनी मनगट धरलं आणि तिला मक्याच्या बांधापाशी नेलं.

"शैला, जलघात माझ्या पत्रिकेत नाही," ते म्हणाले. "तुझ्या आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पत्रिका दाखवायला दत्तोपंतांचे वडील जायचे होते, पण त्यांना ताप होता, म्हणून नवरदेव स्वतःच गेला. गुरुजी म्हणाले, गुण उत्तम जुळतात, पण मुलीला जलघात दिसतोय, विचार करा. आता दत्तोपंतांचा विचार आदल्या रविवारीच करून झाला होता, पोह्यांची बशी हातात असतानाच. पण आईचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. सुनेच्या पत्रिकेत साधं पडसं निघालं असतं तरी तिनं स्थळ मोडलं असतं. मुलाचं मात्र सगळं पोटात घालणारी. तेव्हा घराचा जिना चढता चढता दत्तोपंतांनी जलघात तिकडचा इकडे केला. आई, सगळं जुळतंय, फक्त मला जरा पाण्यापासून जपायला सांगितलंय.

शैलाताई ऐकत होत्या. एकेक गोष्ट जागेवर बसत होती, हौदसुद्धा.

"आणि बायकोनंही उतरायचं नाही, ते?"

"ते गुरुजींनी नव्हतं सांगितलं. ते मी जोडलं." दत्तोपंत जमिनीकडे बघत म्हणाले. "तू पैठणची. नदीत जाऊ नकोस, तुला धोका आहे, असं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? माझ्या जिवासाठी म्हटल्यावर ऐकलंस."

शैलाताईंना वाटलं होतं आपल्याला रडू येईल. पण आधी आला तो राग. काशीची ती वरची पायरी आठवली. खाली बायका डुबक्या मारून हसत होत्या आणि ह्या तांब्याचं पाणी पुरवून पुरवून घेत होत्या. माहेरी गेल्यावर भावजया नदीवर निघाल्या की ह्या डोकं दुखतंय म्हणून आत पडायच्या. एक नाही, चाळीस वर्षं. आणि ते सगळं नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून करतोय, याचं मनातल्या मनात थोडं कौतुकही करून घेतलेलं.

"मला एकदा विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या. "माझाच घात होता ना? मग काय करायचं ते मी ठरवलं असतं."

"तू उतरली असतीस."

"उतरलेच असते."

"आणि काही झालं असतं तर?" दत्तोपंतांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की शैलाताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. कचेरीत भल्याभल्यांना दारात उभं करणारा हा माणूस, त्याच्या कपाळावर घाम होता. इतकी वर्षं तो घाबरत होता आणि ते खरंच तिच्यासाठी. राग काही गेला नाही. पण त्याच्या शेजारी मायाही येऊन बसली, आणि दोघं एकमेकांना जागा देईनात.

शेवटी शैलाताईंनी पदर खोचला. पदर म्हणजे ओढणी, प्रवासाला त्या पंजाबी ड्रेस घालत. म्हणाल्या, मी जाणार आहे. आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, दोन पावलं जाऊन त्या परत वळल्या.

"माझ्या जलघाताला एवढी वर्षं सोबत केलीत. आता अर्ध्यात सोडू नका. मागं बसा."

सांडूनं आधी शैलाताईंना एक फेरी शिकवली. दोरीचं एक टोक मनगटाला आणि दुसरं मशीनला, पडलात तर दोरी निसटते आन् मशीन आपोआप बंद, हे सांगितलं. फेरी मारून आल्यावर तो खूश होता, म्हणाला मावशीचा हात बसलाय. पण काका मागं बसणार म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा दत्तोपंतांनी त्याला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. सांडूनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, व्हय का, म्हणाला, आणि जाकीट पुढं केलं. काय सांगितलं ते शैलाताईंनी तिथल्या तिथं विचारलं. दत्तोपंत जाकिटाची बकलं लावण्यात गुंतून गेले.

मग रेस. मशीन पुढून उचललं गेलं आणि शैलाताईंच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला. दत्तोपंतांनी त्यांना कमरेला असं धरलं की श्वास घेणं मुश्किल. मागं स्वराली काय ओरडत होती ते ऐकू येईना. मक्याचं शेत लहान झालं, समोरचा डोंगर जवळ आला, आणि वळायची वेळ आली तेव्हा शैलाताईंनी रेस सोडली नाही. मशीन झुकलं आणि वळलं. त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरेना.

तलावाच्या मधोमध त्यांनी रेस सोडली, मशीन थांबवलं. एकदम सगळं गप्प झालं. मागं बऱ्याच अंतरावर सांडूची बोट. पाणी वरून हिरवट आणि खाली काळं. खाली काय असेल, किती खोल असेल, असे सगळे प्रश्न शैलाताईंच्या मनात एकदम आले. त्यांनी मागं वळून नवऱ्याला धीराचा शब्द दिला, घट्ट बसा म्हणाल्या, आणि एक पाय उचलून अलगद पाण्यात उतरल्या.

गार. पहिल्या क्षणी नुसतं गारच. मग जाकिटानं त्यांना वर उचललं आणि हातांना आपोआप आठवलं. त्या मशीनभोवती एक फेरी पोहल्या. पाणी कानात गेलं, केस सुटले. दत्तोपंत सीटवर वाकून त्यांच्या डोक्याकडे बघत होते. नुसत्या डोक्याकडेच, ते बुडत नाही ना एवढंच. पाण्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

दुसरी फेरी संपवून शैलाताई मशीनच्या मागच्या बाजूला येऊन धरून राहिल्या. राहिलेला प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

"सांडूच्या कानात काय सांगितलंत?"

दत्तोपंतांनी आधी इकडेतिकडे बघितलं. पण तिथं उघडायला पेपर नव्हता.

"त्याचा नियम आहे ना, पोहता येतं का म्हणून. तर मी म्हटलं, यायचं."

शैलाताई पाय मारायचं विसरल्या.

आजोळी, दत्तोपंत म्हणाले. मळ्यातल्या विहिरीत. मामानं ढकलून शिकवलं, पुढं पुढं काठावरून सूर मारायचो. लग्नाच्या वर्षापर्यंत दर सुट्टीत जायचो.

म्हणजे काशीला त्या वरच्या पायरीवर तांब्या घेऊन बसलेली ती दोघंही पोहणारी माणसं होती. कोकणात चपला राखणारीही. शैलाताईंना मघाचा राग शोधूनही सापडेना, आणि डोळ्यांत आलेलं पाणी तलावाचं नव्हतं.

"अहो, पण मग मी माहेरी असताना एकट्यानं तरी जायचं होतंत कधी. मला कोण सांगणार होतं?"

"असं कसं उतरणार?" दत्तोपंत म्हणाले. "जलघात माझ्या पत्रिकेत होता ना."

त्यांनी चष्मा काढून सीटखालच्या कप्प्यात नीट ठेवला, सांडूच्या बोटीकडे बघून हात हलवला, आणि नाक धरून पाण्यात उडी टाकली.