काचेखालच्या कळ्या

मित्रांनो, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी, कपाटाच्या खालच्या फळीवर जे वजनदार काळं यंत्र दिसतंय ना, तो मी. सूक्ष्मदर्शक. माझ्या भिंगांवर आता बुरशी धरली आहे, पण एके काळी माझ्यापुढे बसायला लोक ताटकळत उभे राहायचे.

एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं महिनाभर घासून तयार केली. तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो. दारूने मेंदूचं काय होतं, याचा शोध तिथे चालायचा. शोध घेणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. उंदरांच्या मेंदूचे कागदाहून पातळ काप करून ते काचपट्टीवर बसवायचं काम मामांचं. ते खरं कोणाचे मामा होते देव जाणे, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे मामाच.

काय हात होता त्यांचा! काप करताना श्वास रोखायचे आणि झाल्यावर स्वतःशीच म्हणायचे, "आलास बाबा!" पाहुणे माझ्यात डोकावून वाहवा करत, तेव्हा बाई म्हणत, "कौतुक मामांचं करा. यंत्राला काय, दाखवाल ते दिसतं." मला जरा लागायचं, पण खरंच होतं ते.

मग काप फाटू लागले. मामा पात्याला दोष देत. पातं बदललं, तरी तेच. सकाळी हात थरथरायचे आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कसे कोण जाणे, स्थिर व्हायचे. बाईंनी उभं आयुष्य याच विषयात घातलेलं. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

एका दुपारी त्यांनी मामांना माझ्यापुढे बसवलं. "इतकी वर्षं काप करताय, पण कधी निवांत बघितलंत का? ही पहिली पट्टी बघा."

"झाडच की! फांद्यांवर बारीक बारीक कळ्यासुद्धा आहेत."

"ती मेंदूतली एक पेशी. त्या कळ्यांमधून ती शेजारणींचे निरोप घेते. आता ही दुसरी."

मामांनी माझा पेच फिरवून नीट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कळ्या गळल्यात."

"या उंदराला रोज दारू दिली होती."

मामांनी डोळा काढला नाही. त्यांच्या पापण्यांचा ओलावा माझ्या काचेवर उमटला. "बाई, मी रोज सकाळी ठरवतो हो. संध्याकाळपर्यंत टिकत नाही. माणूसच नालायक मी."

"नालायक नाही, आजारी आहात. मेंदूच्या ज्या भागाने ठरवायचं, त्यालाच दारूने पोखरलंय. मग एकट्याने ठरवून कसं भागेल? आणि घरच्या घरी एकदम बंदही करू नका, झटके येतात. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ." मग त्यांनी तिसरी पट्टी सरकवली. "याची दारू थांबवून काही आठवडे झाले होते."

"आल्यात की परत! सगळ्या येतात?"

"सगळ्या नाही. आणि माणसाचं उंदराइतकं सोपं नसतं. पण येतात."

उपचार घेऊन दोन महिन्यांनी मामा कामावर परतले. पहिले चार काप फाटले, पाचवा जमला. तुम्हाला वाटेल, झालं, सुटली दारू. तसं नाही झालं. पावसाळा संपता संपता एका सकाळी मामा मामींना घेऊन दारात उभे राहिले. मामींचे डोळे सुजले होते. "पुन्हा सुरू झालंय, बाई. हेच म्हणाले, चल, लपवायला नको, सांगून येऊ."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "लपवलं नाहीत, हे चांगलं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि डॉक्टरांना फोन लावला.

त्यानंतर मामांनी अकरा वर्षं काप केले. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं, बाई निवृत्त झाल्या आणि माझी रवानगी कपाटात झाली.

मित्रांनो, माझी भिंगं कोरड्या जागी ठेवली असती, तर आजही मी तुम्हाला ते झाड दाखवलं असतं. यंत्राचं एक वेळ चालेल, दुसरं आणता येतं. पण तुमच्या घरी कोणाचे हात सकाळी थरथरत असतील, तर हसू नका आणि गप्पही बसू नका. मोठ्यांना सांगा. सुटका होईलच असं वचन मी देत नाही. मामा निवृत्तीच्या दिवशीसुद्धा गुत्ता चुकवण्यासाठी लांबच्या रस्त्यानेच घरी गेले. मामी सोबत होत्या.