हारुनभाईंच्या वाटणीचं खोबरं

मी खोबऱ्याची वाटी बोलतेय. तेव्हा मी वाटी नव्हते, लाल कापडात बांधलेला अख्खा नारळ होते. अंबडच्या घरात मैनाबाईंनी मला देव्हाऱ्यापुढे धरलं आणि नवस बोलल्या, "आई सप्तशृंगी, ह्यांना गडाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढू दे. ह्यांच्याच हातानं नारळ वाढवू."

त्यांचे यजमान मनोजराव. हृदय थकलेलं. न्हाणीघरापर्यंत गेले तरी धाप लागायची. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी नव्या उपचाराची चाचणी सुचवली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत एक जनुक भरून ते हृदयात सोडायचं, म्हणजे थकल्या पेशी पुन्हा जोर धरतील. प्राण्यांवर जमलं होतं, माणसांवर आता कुठे सुरुवात होती. आधी एकाला द्यायचं, त्याला नीट पाहायचं, मगच दुसऱ्याला.

"चोरालाच शिपाई केलंय बघ," मनोजराव हसले. "आत शिरायची कला त्यालाच ठाऊक!"

पहिला नंबर त्यांचाच लागला. दिवस नेमका अमावस्येचा. मैनाबाई दवाखान्यात अडून बसल्या, "आज नको म्हणजे नको." मी त्यांच्या पिशवीत होते, सगळं ऐकत होते. शेजारच्या खाटेवर सातपूरचे हारुनभाई, दुखणं तेच. ते म्हणाले, "वहिनी, आम्हाला अमावस्या चालते. मनोजभाऊ, मी आधी जातो. वाट कशी आहे ते येऊन सांगतो."

हारुनभाई सांगायला आले नाहीत.

औषधानं गेले की आजारानं, डॉक्टरांना ठामपणे म्हणता येईना. चाचणी थांबली, तपास झाला, मात्रा कमी केली. मग मनोजरावांना औषध दिलं.

त्याच सुमारास माझ्यातलं पाणी आटलं. खोबरं करवंटीपासून सुटलं आणि मला हलवलं की आत ठोके देऊ लागलं. देव्हारा पुसताना मैनाबाई मला उचलायच्या आणि तो आवाज ऐकून थबकायच्या. "आलात का, हारुनभाऊजी?" असं पुटपुटायच्या. कधीकधी तर मला कुणी हातही लावलेला नसायचा, तरी ठोका पडायचा.

मनोजरावांची धाप हळूहळू कमी झाली. "बरे झाले ना?" विचारलं, तर डॉक्टर म्हणत, "अजून बरीच वर्षं पाहावं लागेल." देवीला मात्र तेवढं पुरलं. यंदा ते थांबत थांबत गड चढले आणि त्यांनी मला वाढवलं. एक वाटी देवीपुढे गेली. दुसरी वाटी मी; मला मैनाबाईंनी आधीच पदराखाली झाकून घेतलं होतं.

मला घेऊन त्या सातपूरला गेल्या, हारुनभाईंच्या घरी, त्यांच्या पत्नी जहिदाभाभींकडे.

"भाभी, हे देवीला वाहिलेलं नाही. भाऊजींच्या वाटणीचं आहे." त्यांनी मला भाभींच्या हातात दिलं, आतल्या ठोक्यांचंही सांगितलं. "त्या दिवशी नंबर ह्यांचा होता. मीच अमावस्या काढून बसले."

जहिदाभाभी मला तळहातावर घेऊन बघत राहिल्या. "मालूम आहे, ताई. फोनवर हसत सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, वहिनी लई घाबरल्यात, मीच जातो." मग चटई पसरत, "बसा ना. चहा ठेवते."

आता मी भाभींच्या फळीवर असते. मला कुणी किसत नाही, टाकतही नाही. आत ठोकायला काही उरलेलं नाही, तरी भाभी येताजाता मला कानाशी धरतात. आणि मग बराच वेळ खाली ठेवत नाहीत.

तुमच्याही घरी कुणी औषधानं उठून बसेल. त्या वाटेनं आधी कुणीतरी गेलेलं असतं, हे विसरू नका. नवस फेडाल तेव्हा मैनाबाईंसारखी एक वाटी बाजूला काढा. त्या माणसाचं घर सापडलं तर दारापर्यंत न्या. नाही सापडलं, तर नुसती झाकून ठेवा.