तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

त्या रविवारी सकाळी शिरूरच्या अनिसला माईक हातात धरवेना. रेडिओवर हौशी रेडिओ क्लबच्या सुलक्षणाताई दिल्लीला पाठवायचा अर्ज वाचून दाखवत होत्या आणि शिरूर-दौंडचे सगळे सभासद आपापल्या घरून कान देऊन ऐकत होते. आम्हाला दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर गर्दी फार, एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळतं, तर नवीन फ्रिक्वेन्सी द्या, असा तो अर्ज. पुरावा म्हणून त्यात खुटबावची हकिकत घातली होती.

गेल्या पावसाळ्यात खुटबावचा रस्ता पाण्याखाली गेला, मोबाइल बंद पडले आणि नेमकी तेव्हाच तिथल्या इलाहीचाचांच्या बायकोला, सुगराबीला, घोणस चावली. चाचांनी रेडिओवरून होडी मागितली. अनिसचं "रॉजर" आलं, म्हणजे निरोप पोचला. चाचा तीन तास होडीची वाट बघत बसले. सुगराबीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"मधेच कुणी घुसलं, रॉजर त्याला म्हटलं व्हतं," असं अनिसनं नंतर सांगितलं. साफ थाप! चाचांचा आवाज खरखरत होता. दोनदा त्यानं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. पुण्याचे जुने लोक ऐकत होते आणि याचं लायसन्स जेमतेम महिन्याचं. पावसाची खबर असेल असं धरलं शहाण्यानं आणि दिलं ठोकून रॉजर.

"लिवा ताई," रेडिओवर इलाहीचाचा म्हणाले. "सुगराबीचं नाव बी टाका. पर अनिसला बोल लागू देऊ नका. पोरानं दोनदा परत इचारलं व्हतं."

"अनिस, साक्षीदार म्हणून तुझी सही घेते. बरोबर आहे ना सगळं?"

अनिसचे कान तापले. हो म्हटलं तर अर्ज भक्कम होणार होता, क्लबचं भलं होणार होतं. त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं बटण दाबलं.

"खोटं हाय ते, ताई. रॉजर चाचांनाच म्हटलं व्हतं. मला कायबी कळलं नव्हतं, आन् परत इचारायची लाज वाटली."

बटण सोडलं. मग खुटबावहून आवाज आला.

"थांब जरा," चाचा म्हणाले. मागून कुबडीची टकटक हळूहळू रेडिओजवळ येऊन थांबली. "हां. आता परत सांग. हिला ऐकायचंय."