आझाद व्हिसा

उमरचा हात भाजला होता. कारखान्याचा मालक दवाखान्यात नेत नव्हता आणि पासपोर्ट कफीलच्या कुलुपात होता. कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो शेठ. उमरला आखातातून विंचूरला परत यायचं होतं, बस.

त्याची बहीण आलिमा नाशिकला एमए करत होती. विषय एवढा लांबलचक, की सांगताना त्यांच्या अब्बांना, खाजामियाँना, मध्ये दम घ्यावा लागे: जागतिक शासनव्यवस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर धोरण. बाजार समितीत हमाली करणारा माणूस. कांद्याच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, की पोरगी दुनियेचे कायदे शिकती, आता उमरला कोण अडवतं ते बघू. सोबतचा हमाल गोटीराम म्हणाला, येताना खजूर पण आणायला सांगा. सगळे हसले. खाजामियाँ पण हसले.

त्यांच्या गल्लीतला प्रत्येक पोरगा आझाद व्हिसावर जायचा. आझाद कसला, डोंबलाचा! कागदावर शेठच्या घरचा ड्रायव्हर, खरं काम भलतीकडेच, वर शेठला महिन्याचा हप्ता. म्हणून गल्लीचा एकच नियम होता: कुणीही विचारलं तरी ड्रायव्हरच सांगायचं. अम्मीनं, नूरबानोनं, तो आलिमाकडून लहानपणीच घोकवून घेतला होता.

वर्गात मात्र सरांनी शिकवलं, की कामगाराचे हक्क कागदावरून नाही, तो खरं काय काम करतो त्यावरून ठरतात. तसे आंतरराष्ट्रीय करारच आहेत. त्यांवर कुणीकुणी सह्या केलेल्या नाहीत, ते सर पुढच्या सत्रात शिकवणार होते.

आलिमानं आपल्या सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार केली. खरं तेच लिहिलं. एसी दुरुस्तीचा कारखाना, त्याचा पत्ता, मालकाचं नाव, हाताचा फोटो.

तक्रार फिरत फिरत तिथल्या कामगार कार्यालयात पोचली. त्यांनी कफीलला विचारलं, तुझा ड्रायव्हर कारखान्यात काय करतोय? कफील म्हणाला, पळालाय तो माझ्याकडून. तिथं कफीलला सोडून पळणं हाच गुन्हा. मिटलं. पोलिसांनी उचललं ते उमरला. मालकाला कुणी हात लावला नाही, कफीलला तर नाहीच. त्यानं महिनाभरात दुसरा ड्रायव्हर मागवला.

कैदेतून कुणाच्या तरी फोनवरून उमर बोलला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आलिमा, आता काही लिहू नको बरं का," तो म्हणाला. "इथं गप राहिलेलं बरं."

"भाईजान, सोडतील कधी?"

"माझ्या शेजारी एक नेपाळी हाय. त्याचा हा दुसरा उन्हाळा."

हाताचं तिनं विचारलं. उमर म्हणाला, बोटं वळत नाहीत. मग फोन दुसऱ्या कुणाला तरी हवा होता.

नूरबानो चुलीकडे तोंड करून बसली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नियम मोडल्याचं तर बोललीच नाही. खाजामियाँ मात्र बाजारातून आल्यावर पोरीसमोर उकिडवे बसले.

"आता पुढं काय लिवलंय तुझ्या पुस्तकात?"

खोटं बोलावं असं आलिमाला फार वाटलं.

"आपल्याकडं कुणाला ठेवायचं, कुणाला नाय, ते ज्याचा त्यो देश ठरवतो, अब्बा. बाकीचे फक्त विनंती करू शकतात."

"मग हे पहिल्या पानावर का नाय छापत?"

सोमवारी तिचा पेपर होता. ती गेली नाही, आणि कुणी जा म्हणालंही नाही.