लिहून बोला

कॉम्प्युटरवरची चौकट थरथरली तशी तारामती खुर्ची मागं ढकलून उठली आणि सरळ दाराबाहेर पळाली. चौकशीला आलेले दोन पालक तिच्याकडं बघत राहिले. प्रवेशाचं काम बघणारी मुग्धा मागोमाग धावली. सायकलींच्या रांगेपाशी तिनं तारामतीचा हात धरला आणि तिथंच एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'भूकंप नाही ताई. उज्वलानं बझ पाठवला. आपलं लक्ष नसलं की समोरचा माणूस चौकट हलवतो.'

तारामतीनं चिठ्ठी दोनदा वाचली.

"असली कसली म्हणायची ही रीत?" ती मोठ्यानं म्हणाली. आपला आवाज किती मोठा होतो हे तिला कळत नसे. मग तिचं तिलाच हसू आलं.

लातूरच्या त्या शिकवणी वर्गात तारामती प्रश्नपत्रिका टाइप करायची. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळच्या गावी त्यांचं दगडी घर बसलं. आई-वडील गेले. वीस वर्षांच्या तारामतीला आणि तिच्या आठ वर्षांच्या बहिणीला, उज्वलाला, लोकांनी ओढून बाहेर काढलं. डोक्याला मार बसून तारामतीचे दोन्ही कान गेले होते. धाकटीला घेऊन ती लातूरला आली. टायपिंगच्या क्लासमध्ये ओळ संपताना वाजणारी घंटी तिला ऐकू येत नसे, म्हणून ती अक्षरं मोजायची, आणि परीक्षेत वर्गात पहिली आली. समोरच्याचे ओठ बघून निम्मं कळायचं. उरलेलं लोक लिहून द्यायचे.

बारावीनंतर उज्वलाला नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. दोघी पहिल्यांदाच वेगळ्या राहू लागल्या. उज्वला वर्गाच्या फोनवर फोन करायची, मुग्धा ऐकायची आणि चिठ्ठीवर लिहायची, 'जेवलीस का विचारतेय.' तारामती म्हणायची, "जेवले म्हणाव." मध्ये तिसरं माणूस असल्यावर ह्यापुढं काही बोलणं होत नसे.

निकाल बघायला म्हणून वर्ग चालवणाऱ्या राघवेंद्र सरांनी इंटरनेट घेतलं, तेव्हा मुग्धानंच तारामतीला याहूचं मेसेंजर उघडून दिलं. इंटरनेट चालू असलं की फोन बंद पडायचा. सर म्हणाले, "दोन ते अडीच बॅच नसते. तेवढा वेळ पालकांना फोन एंगेज लागू द्या."

त्या अर्ध्या तासासाठी तारामतीनं ते मेसेंजर अंगच्या ब्लाउजसारखं बेतून घेतलं. अक्षरं मोठी केली. आपला रंग मोरपंखी ठेवला. निरोप आल्यावर वाजणारी टिंग तिच्या उपयोगाची नव्हती, ती बंद करून टाकली. नावापुढं एक ओळ लिहायची सोय होती. उज्वलाच्या मैत्रिणी तिथं सिनेमाची गाणी लिहायच्या. तारामतीनं इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं, 'लिहून बोला.' उज्वला पाठवायची त्या पिवळ्या तोंडांचा अर्थ मात्र तिला कुणी सांगावा लागला नाही. माणसांची तोंडं वाचण्यातच तिची नऊ वर्षं गेली होती.

चौकट हलली त्या दिवशी खुर्चीवर परत येऊन तिनं लिहिलं, 'हलवू नको. काळीज बसलं माझं.'

'चुकलं आक्का. पुन्हा न्हाई करणार.'

पण दुसऱ्या दिवशी ती टाइप केलेल्या भौतिकशास्त्राच्या पेपरातल्या चुका तपासत बसली आणि उज्वलाचे नऊ निरोप तसेच पडून राहिले. पोरगी अर्धा तास वाट बघून वर्गाला गेली होती. तिसऱ्या दिवशी तारामतीनंच लिहिलं, 'हलवत जा. एकदाच, पण हलव.' सुरुवातीला काही दिवस ती दोन वाजले की टेबलाची कड धरून बसे. मग धरायचं कधी सुटलं, तिला कळलंही नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी चौकटीच्या तळाशी 'उज्वला लिहीत आहे' अशा अर्थाची ओळ आली, गेली, पुन्हा आली. बराच वेळ हे चाललं. शेवटी निरोप आला, 'मी ठीक हाय.'

'एवढा येळ लिहून एवढंच?' तारामतीनं विचारलं.

मग सगळं आलं. दोन विषय गेले होते. 'मी कॉलेज सोडून येते. लातूरलाच बीएस्सी करीन. तुला तरी कोण हाय माझ्याशिवाय?'

तारामतीनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं लिहिलं, 'माझं निमित्त करू नको. नापास तू झालीस.'

उज्वलाचं नाव करडं पडलं. ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना चिठ्ठी ठेवून तारामती अहमदपूरमार्गे जाणाऱ्या नांदेडच्या एसटीत बसली. वाटभर तिला आपलं ते वाक्य टोचत होतं. हॉस्टेलच्या दारात उज्वला समोर आली, काहीतरी बोलू लागली आणि रडू लागली. रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत.

"मला काय बी कळंना गेलंय," तारामती म्हणाली. "तुमची कॉम्प्युटरची खोली कुठंय? चल तिथं."

तिथले सहायक हणमंतराव. उज्वलानं त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी तारामतीकडं बघून कोपऱ्यातली दोन मशीनं दाखवली. बहिणी शेजारी शेजारी बसल्या आणि लिहू लागल्या.

'शिकवलेलं कळत न्हाई आक्का. सगळं इंग्रजीत. पुन्हा विचारायची लाज वाटती.'

'मला न्हाई कळलं तर मी काय करते?'

'पुन्हा लिहून मागतीस.'

'नऊ वर्षं मागत आले. कुणी चिडलं, कुणी हसलं. पण न कळता मान न्हाई हलवली कधी. तूबी माग.'

उज्वलानं डोळे पुसले. 'आन् तू एकटी?'

'मुग्धा हाय, सर हायत. सहाशे पोरं माझे पेपर सोडवतात. मला एकटी म्हणू नको.'

बराच वेळ उज्वलाची ओळ येत-जात राहिली. 'इतकं आपण कधी बोललोच न्हाई,' तिनं लिहिलं.

तिनं कॉलेज सोडलं नाही. उन्हाळ्यात दोन्ही विषय सुटले, त्यातला एक जेमतेम. पण त्या दुपारी हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

तारामतीनं मान वर करून खोलीभर बघितलं. तीसेक मुलं बसली होती. कुणाचेही ओठ हलत नव्हते आणि सगळी कुणा ना कुणाशी बोलत होती. एवढ्यात उज्वलानं मेसच्या भाजीविषयी काहीतरी वाह्यात लिहिलं आणि तारामती खळखळून हसली. सगळ्या माना वळल्या. लांबून हणमंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चुकलं," ती म्हणाली, आणि पदर सावरून पुढचं लिहू लागली.